डायलिसिसच्या रुग्णाची रात्र

घोरणाऱ्या माणसाची आपल्याकडे एक तर थट्टा होते, नाही तर त्याचा हेवा केला जातो. 'काय गाढ झोप लागली आहे बघा', असे म्हणत घरची माणसे त्याचे पांघरूण सारखे करतात आणि स्वतः कानावर उशी घेतात. कुंभकर्णाच्या कथेपासून एस.टी.तल्या शेजारच्या प्रवाशापर्यंत घोरणारा तो सुखी, अशी आपली पक्की समजूत आहे. ही समजूत कुणालाच फारशी हिताची नाही. पण ज्या घरात मूत्रपिंडे निकामी झालेला आणि डायलिसिसवर असलेला रुग्ण आहे, त्या घरात ती जिवावर बेतू शकते. आजचा लेख त्या घरांसाठी आहे. आमच्या नरखेड तालुक्यात अशी घरे आता गावोगावी आढळतात. आपल्याही शेजारी एखादे असेलच.

अशा घरातल्या बाईंना काकाजींच्या तब्येतीविषयी विचारले की उत्तर मिळते, "रातभर घोरतेत जी, पण सकाळी उठले का आंगात जीवच नाही राहत." या एका वाक्यात दोन लक्षणे आहेत. ती सांगणाऱ्या बाईंना ती लक्षणे वाटत नाहीत आणि बहुतेक वेळा ती ऐकून घेणाराही कुणी नसतो. माझा मुद्दा एवढाच आहे. डायलिसिसच्या रुग्णाचे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन हे सगळे आपण लिहून ठेवतो. त्याची रात्र कशी गेली, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि त्याच्या हृदयाची परीक्षा रात्रीच होत असते.

डायलिसिस हा शब्द मराठी घरांत पोचला तो बव्हंशी जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. १९७५ साली आणीबाणीत चंदीगडला स्थानबद्ध असताना त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. नोव्हेंबरमध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले गेले आणि डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली त्यांचे डायलिसिस सुरू झाले. त्यांच्या यंत्रासाठी सामान्य माणसांनी पैसे पाठवले. पुढे जवळजवळ चार वर्षे, ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात निधन होईपर्यंत, ते या यंत्राच्या आधाराने जगले. एवढ्या काळात त्यांनी एका राजवटीचा पराभव आणि दुसरीचा उदय पाहिला. यंत्र माणसाला किती वर्षे देऊ शकते, हे देशाने तेव्हा पाहिले. अखेरच्या काळात त्यांना मधुमेह आणि हृदयविकार या दोघांनीही ग्रासले होते. मूत्रपिंडाच्या आजाराची हृदयाशी असलेली ही सोबत आजही सुटलेली नाही. डायलिसिसवरचे रुग्ण दगावतात ते सर्वाधिक हृदयाच्या कारणांनी.

असे का व्हावे? निरोगी मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक शरीराला परत देतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर टाकतात. हे काम अहोरात्र चालते. डायलिसिसचे यंत्र आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास चालते असे धरले, तरी ते १२ तास होतात. आठवड्याचे तास १६८. उरलेल्या १५६ तासांत शरीरात पाणी, मीठ, पोटॅशियम आणि टाकाऊ द्रव्ये साठतच राहतात. पाण्याचा हिशेब काट्यावर सरळ दिसतो. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन अडीच किलो वाढले, तर ते बहुतांशी अडीच लिटर पाणीच असते. ते ढकलण्याचे जादा ओझे हृदयावर पडते. रक्तदाब चढतो, हृदयाची भिंत जाड आणि ताठर होत जाते.

आता या पाण्याचे रात्री काय होते ते पाहू. दिवसभर माणूस उभा असतो, बसलेला असतो, तेव्हा साठलेले पाणी पायांत उतरते. घोट्यावर बोट दाबले की खळगा पडतो. रात्री तो आडवा झाला की हेच पाणी पायांतून वर सरकते. त्यातले काही मानेच्या आणि घशाच्या मऊ भागात जमते. तिथली श्वासाची वाट आधीच अरुंद, झोपेत स्नायू सैल पडलेले. त्यात ही सूज. मग वाट मिटते. छाती हलते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू घाबरून शरीराला ढोसतो, माणूस अर्धवट जागा होतो, मोठ्याने घुर्रऽ असा आवाज करून श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. तासाला असे पाच प्रसंग घडले तरी डॉक्टर तो विकार मानतात. तीस आणि त्याहून अधिक झाले तर तीव्र. या विकाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. साध्या मराठीत, झोपेत श्वास अडणे.

हा विकार मुळात दुर्मीळ नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची तपासणी करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरांतल्या सात-आठ जणांना श्वास अडणे आणि दिवसा झोप येणे, असे दोन्ही आढळले. संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ च्या फेब्रुवारीत मुंबईत गेले, तेव्हा बातमीत या विकाराचे नाव आले आणि अनेकांनी ते प्रथमच वाचले. डायलिसिसच्या रुग्णांत हे प्रमाण कितीतरी मोठे आहे. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांचा सूर असा की, निम्म्याच्या आसपास रुग्णांत हा विकार कमी-अधिक प्रमाणात असतो.

त्यांच्यातल्या विकाराचे रूपही फसवे असते. स्लीप अ‍ॅप्निया म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जाड मानेचा, सुटलेल्या पोटाचा माणूस येतो. डायलिसिसचा रुग्ण पुष्कळदा किडकिडीत असतो. काही जण फारसे घोरतही नाहीत. त्याचे कारण असे की, मूत्रपिंडे गेल्यावर रक्तातले आम्लाचे प्रमाण बिघडते आणि श्वासाचा ताल सांभाळणारे मेंदूतले केंद्र गोंधळते. मग वाट मोकळी असूनही श्वासाचा हुकूमच सुटत नाही. माणूस शांत पडलेला दिसतो आणि काही सेकंद श्वासच नसतो. दिवसा तो पेंगतो, चिडतो, विसरतो. आणि आपण म्हणतो, आजारच तसा आहे. अंगाची खाज, रात्री पायांची तगमग, यांनीही झोप मोडते. त्या गर्दीत अडलेला श्वास लपून राहतो.

पाण्याचा आणि या विकाराचा संबंध नुसता तर्काचा नाही. कॅनडातल्या टोरंटोच्या डॉक्टरांनी २००१ साली चौदा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे रुग्ण आधी आठवड्यातून तीनदा चार-चार तासांचे नेहमीचे डायलिसिस घेत. नंतर त्यांना आठवड्यातल्या सहा-सात रात्री झोपेत आठ तासांचे सावकाश डायलिसिस देण्यात आले. श्वास अडण्याचे प्रसंग तासाला सरासरी पंचविसांवरून आठांवर आले. पुढे त्याच शहरात आणखी एक प्रयोग झाला. पंधरा रुग्णांच्या शरीरातून फक्त जादाचे पाणी, सुमारे दोन लिटर, काढण्यात आले, रक्तशुद्धी केली नाही. तेवढ्यानेही हे प्रसंग एकतृतीयांशाहून थोडे अधिक कमी झाले. शेजारी झोपलेल्या माणसाला ऐकू येणाऱ्या त्या अडखळत्या श्वासामागे पुष्कळदा न निघालेले पाणी असते, ते असे.

हृदयाला हे सगळे कसे भोवते? निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री उतरतो. हृदयाला विसावा मिळतो तो तेव्हाच. श्वास अडणाऱ्या माणसाचा रक्तदाब प्रत्येक झटक्यासरशी उसळी घेतो. ज्या वेळी हृदयाने विश्रांती घ्यायची, त्या वेळी ते डोंगर चढत असते. अमेरिकेतल्या मायो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००५ साली हृदय अचानक थांबून मरण पावलेल्या ११२ जणांची नोंद तपासली. या सर्वांची झोपेची तपासणी आधी झालेली होती. झोपेत श्वास अडणाऱ्यांपैकी ४६ टक्के जण मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळात गेले होते. ज्यांना हा विकार नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण २१ टक्के होते. हे काही डायलिसिसचे रुग्ण नव्हते. डायलिसिसच्या रुग्णाच्या बाबतीत त्यात जाड झालेले हृदय आणि रक्तात चढलेले पोटॅशियम यांची भर पडते. पोटॅशियम वाढले की हृदयाचा ठोका चुकतो, आणि तो चुकताना पूर्वसूचना देईलच असे नाही.

यापुढचा हिशेब आपल्या भागाला अधिक झोंबणारा आहे. आठवड्यातून तीनदा डायलिसिस म्हणजे सोमवार, बुधवार, शुक्रवार; मग शनिवार-रविवार सुटी आणि पुन्हा सोमवार. २०११ साली अमेरिकेतल्या ३२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा या दोन दिवसांच्या खंडानंतरचा दिवस सर्वांत घातक ठरला. दर शंभर रुग्णांमागे वर्षाला मृत्यूचे जे प्रमाण इतर दिवशी १८ पडते, ते या दिवशी २२ पडले. हृदयविकाराचे झटके आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाणही त्या दिवशी वाढलेले होते. आपल्याकडे खर्चापायी, अंतरापायी, सोबतीला माणूस नाही म्हणून, पुष्कळांचे डायलिसिस आठवड्यातून दोनदाच होते. सोमवार आणि गुरुवार धरा. सोमवार ते गुरुवारमध्ये दोन दिवस सुटे, गुरुवार ते सोमवारमध्ये तीन. म्हणजे तिकडच्या डॉक्टरांना आठवड्यातला जो एक खंड धोक्याचा वाटला, तो आपल्या रुग्णाचा लहानात लहान खंड आहे! ज्यांना अजून पुरेशी लघवी होते, अशा काहींना दोनदा पुरते, हे खरे. पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचे असते. एस.टी.चे वेळापत्रक आणि मुलाच्या रजा यांनी ते ठरू नये.

नरखेडपासून नागपूर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. गाव रेल्वेचे जंक्शन आहे, रस्ता आहे, तरी जलालखेडा, मोवाड किंवा सावरगावच्या पलीकडच्या खेड्यातून निघून नागपूर गाठायचे, चार तास यंत्राला बसायचे आणि परतायचे, यात उजाडण्यापूर्वीपासून अंधार पडेपर्यंतचा दिवस जातो. त्या दिवसाची मजुरी जाते, सोबत्याचीही जाते. पहाटे उठायचे म्हणून आदल्या रात्रीची झोप तुटते. शासनाने काही केले नाही असे मी म्हणणार नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेत, आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांसाठी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला. यंत्राच्या खर्चाचा घोर त्यामुळे अनेकांचा हलका झाला. पण चुकलेल्या प्रत्येक पाळीचे पाणी छातीवर साठते, आणि पाळी चुकते ती प्रवासापायी.

त्यात आमचा भाग संत्र्यांचा. आंबिया बहार उतरला की आजाऱ्याला भेटायला येणारा पाहुणा हातात संत्र्यांची पिशवी घेऊन येतो. घरच्याच बागेतली असली तर विचारायलाच नको. ज्याने आयुष्यभर झाडे जगवली, त्याला 'तुम्ही एवढे खाऊ नका' असे सांगणे सोपे नाही. पण संत्री, मोसंबी, त्यांचा रस, केळी, नारळपाणी यांत पोटॅशियम भरपूर असते, आणि निकामी मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही. कमी सोडियमचे म्हणून मिळणारे मीठही या रुग्णांनी वापरू नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेले असते. साधे मीठही बेताचेच हवे. ठेचा, लोणचे, पापड, कुरडया यांनी तहान लागते, आणि वऱ्हाड-नागपूरकडच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर गेला की तहान आवरणे हे तपच होऊन बसते. रुग्णावर ओरडून पाणी तोडता येत नाही. त्याचे मीठ तोडले, तर पाणी आपोआप आटोक्यात येते. बर्फाचा खडा चघळायला देणे, लहान भांड्यातून मोजून पाणी देणे, हे घरगुती उपाय केंद्रातल्या परिचारिकाही सांगतात. पाणी किती, हे मात्र ज्याच्या त्याच्या लघवीच्या प्रमाणावरून डॉक्टरांनी ठरवून द्यायचे.

घरच्यांनी आणखी काय करावे? पहिले म्हणजे लक्ष द्यावे. रुग्णाचा श्वास झोपेत थांबतो का, तो गुदमरल्यासारखा दचकून उठतो का, सकाळी डोके दुखते का, बोलता बोलता डुलकी लागते का, उताणे झोपवत नाही म्हणून उशांवर उशा रचाव्या लागतात का, हे पाहावे. हातातल्या फोनवर दोन-चार मिनिटांचे घोरणे ध्वनिमुद्रित करून डॉक्टरांना ऐकवावे. दहा वाक्यांत सांगून जे पटत नाही ते एका आवाजाने पटते. कुशीवर झोपणे, बाजेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून डोक्याची बाजू थोडी उंच करणे, याने काहींना बरे वाटते. झोप येत नाही म्हणून दुकानातून परस्पर झोपेची गोळी आणणे आणि 'थोडीशी घेतली तर झोप लागते' म्हणून दारू घेणे, ही दोन्ही या रुग्णाच्या बाबतीत विषासारखी आहेत. त्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि जागे करणारा मेंदू सुस्तावतो. आणि श्वास लागत असेल, छाती दुखत असेल किंवा ठोका अनियमित वाटत असेल, तर पुढच्या पाळीची वाट पाहू नये.

या विकारावर यंत्र आहे. सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली दाखवून दिले की, नाकावर मुखवटा बसवून हवेचा हलका दाब देत राहिले की श्वासाची वाट उघडी राहते. ते यंत्र सीपॅप या नावाने आज नागपुरात मिळते. पण चांगल्या यंत्राला तीस-चाळीस हजार रुपये मोजावे लागतात, रात्रभर वीज लागते आणि तोंडावर मुखवटा बांधून झोपण्याची सवय करावी लागते. शिवाय यंत्र बसवले की हृदय वाचले, असे समीकरण मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे सत्तावीसशे हृदयरोग्यांवरच्या मोठ्या चाचणीत या यंत्राने झटक्यांचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले नाही. मात्र त्या रुग्णांनी ते रात्री सरासरी साडेतीन तासही वापरले नव्हते. आणि तरीही दिवसाची झोप कमी झाली, मनाला उभारी आली. यंत्र कुणाला लागेल, हे तपासणीनंतर तज्ज्ञच सांगतील. डायलिसिसच्या रुग्णाचा पहिला उपाय त्याहून जुना आणि स्वस्त आहे. पाणी पुरेसे काढणे, पाळी न चुकवणे आणि मीठ आवरणे.

म्हणूनच माझे म्हणणे केवळ घरच्यांना उद्देशून नाही. डायलिसिस केंद्रात प्रत्येक रुग्णाची एक वही असते. त्या वहीत महिन्यातून एकदा तीन ओळी वाढवाव्यात. रात्री श्वास अडतो का, दिवसा झोप येते का, आणि हे सोबतच्या माणसाला विचारले का? याला एक रुपयाही खर्च येत नाही. ज्यांचे उत्तर होकारार्थी, त्यांच्या बोटाला रात्रभर प्राणवायू मोजणारे उपकरण लावून पाहता येईल. करोनाच्या साथीने ते उपकरण खेड्यापाड्यांत ओळखीचे करून सोडले आहे. एका रात्रीच्या नोंदीने निदान पक्के होत नाही, पण पुढच्या तपासणीला कुणाला पाठवावे हे कळते. तज्ज्ञांनी सीपॅप सांगितले आणि ते परवडत नसेल, तर केंद्राकडून ते उसने मिळावे. ज्यांना तिसऱ्या पाळीची गरज आहे, त्यांना ती तालुक्याच्या आसपास मिळावी. संत्र्याच्या ट्रकांना आम्ही गावाबाहेरच बाजार मिळवून देऊ शकतो, तर आठवड्याला तीन वेळा जिवासाठी धावणाऱ्या माणसाचे अंतर कमी करणे अशक्य का मानावे?

या मागण्यांना वेळ लागेल. तोवर एक काम आजच होण्यासारखे आहे. पुढच्या पाळीला रुग्णाबरोबर केंद्रात जाल तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून राहू नका. आत जाऊन डॉक्टरांना सांगा की, यांचा श्वास रात्री अडतो. रुग्णाला ते ठाऊक नसते आणि केंद्रातल्या यंत्राला ते दिसत नाही. ते ऐकलेले असते फक्त शेजारी जागे असलेल्या माणसाने.